दहावा गुरू आणि दहावा हिस्सा

बऱ्हाणपूर म्हटले की इतिहासाच्या पुस्तकातल्या दोन गोष्टी आपल्याला हमखास आठवतात. १६३१ साली मुमताजमहलचे तेथे निधन झाले, आणि १६८१ च्या आरंभी संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत हंबीरराव मोहित्यांच्या फौजेने मोगलांचे हे श्रीमंत ठाणे लुटले. तिसरी गोष्ट मात्र क्रमिक पुस्तकात सहसा आढळत नाही. १७०८ च्या उन्हाळ्यात शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग दक्षिणेकडे येत असताना तापीकाठच्या या शहरात मुक्कामाला होते. त्यांची आठवण सांगणारा तेथील गुरुद्वारा ‘बडी संगत’ या नावाने ओळखला जातो. संगत म्हणजे भाविकांचा मेळा. वास्तूला गुरूचे नाव न मिळता तेथे जमणाऱ्या सामान्य माणसांचे नाव मिळावे, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

गुरू गोविंदसिंगांच्या लढायांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. त्यामुळे त्यांचे चरित्र वाचताना माझे लक्ष वेगळ्याच बाजूकडे गेले. हजारो माणसे पदरचे पैसे आणि अंगमेहनत देऊन जो धर्मादाय चालवतात, तो स्वच्छ राहावा म्हणून या महापुरुषाने काय केले, ही ती बाजू होय.

प्रथम हा धर्मादाय कसा होता ते पाहू. पहिले गुरू नानकदेव यांच्यापासून शिखांत लंगर चालत आला. कोणीही यावे, एका पंगतीत जमिनीवर बसावे आणि जेवावे. दुसरे गुरू अंगददेव यांच्या पत्नी माता खीवी यांनी हे स्वयंपाकघर नावारूपाला आणले. तिसरे गुरू अमरदास यांनी आधी पंगत, मग भेट असा नियम घातला. कोणी कितीही मोठा असो, इतरांच्या मांडीला मांडी लावून जेवल्याशिवाय त्याला गुरूंचे दर्शन नसे. दळण, पाणी, सरपण, भांडी ही सारी कामे भाविकच करीत. त्याला सेवा म्हणत. पैशाची सोय ‘दसवंध’ या पद्धतीने होई. आपल्या मिळकतीचा दहावा हिस्सा प्रत्येकाने समाजकार्यासाठी द्यावा, ही रीत पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी पक्की केली.

पंजाबबाहेर हे लोण व्यापाराच्या वाटांनी पसरले. सुरतेहून आग्र्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे बऱ्हाणपूर त्यात सुटणे शक्यच नव्हते. १६३६ च्या सुमारास दिवंगत झालेले पंडित भाई गुरदास यांच्या लेखनात बऱ्हाणपूरच्या संगतीचा उल्लेख आहे. शीख परंपरा असेही सांगते की, ही मंडळी एकदा सहावे गुरू हरगोविंद यांच्या भेटीला गेली. तेव्हा गुरूंनी त्यांना धर्मशाळा बांधण्यास, सकाळ-संध्याकाळ एकत्र जमण्यास आणि गरजूंसाठी सर्वांनी मिळून निधी साठवण्यास सांगितले. पंजाब शेकडो कोस दूर. देखरेखीला कोणी नाही. तरीही आपल्या गावात आपणच हे काम उभारायचे, असा त्याचा अर्थ होता.

आता चरित्राकडे वळू. गोविंदराय यांचा जन्म पाटण्याला १६६६ साली झाला. वडील गुरू तेगबहादूर, आई गुजरी. १६७५ च्या नोव्हेंबरात औरंगजेबाच्या हुकमाने दिल्लीच्या चांदणी चौकात तेगबहादुरांचा शिरच्छेद झाला, आणि अवघ्या नऊ वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर साऱ्या पंथाचा भार आला. शिवालिकच्या पायथ्याशी वसलेले आनंदपूर हे त्यांचे मुख्य ठाणे. तेथे त्यांनी फारसी, संस्कृत आणि शस्त्रविद्या यांचा अभ्यास केला. पुढे काही वर्षे ते यमुनाकाठी पावंटा येथे राहिले. १६८८ साली भंगाणी येथे पहाडी राजांचा हल्ला परतवून ते आनंदपुरास परतले.

आनंदपुरातील लंगरांविषयीची एक कथा शिखांत आवडीने सांगितली जाते. गावात निरनिराळ्या शिष्यांनी चालवलेले अनेक लंगर होते. एके दिवशी गुरुजी वाटसरूचा वेष घेऊन भल्या पहाटे दारोदार फिरले आणि जेवायला मागू लागले. कोणी डाळ शिजली नसल्याचे सांगितले, तर कोणी प्रार्थना झाल्यावर यायला सांगितले. फारसीचे कवी भाई नंदलाल यांनी मात्र जे काही तयार होते ते लगेच पुढे ठेवले, आणि उरलेले शिजेपर्यंत थांबण्याची विनंती केली. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी खरा लंगर कोणाचा ते सर्वांसमक्ष सांगितले. आजच्या भाषेत बोलायचे तर ही अचानक केलेली तपासणीच होती. तिच्यात शिध्याचे मोजमाप झाले नाही. भुकेलेल्याला किती वेळ ताटकळत ठेवले, एवढेच पाहिले गेले.

पण खरा रोग स्वयंपाकघरात नव्हता, वसुलीत होता. गावोगावचा दसवंध गोळा करून गुरूंकडे पोहोचवण्यासाठी ‘मसंद’ नेमलेले असत. चौथे गुरू रामदास यांच्या काळापासून चालत आलेली ही व्यवस्था आरंभी अतिशय उपयुक्त होती. दूरदूरच्या संगती तिनेच एकमेकींशी बांधल्या होत्या. मात्र पुढे हे पद बापाकडून मुलाकडे जाऊ लागले. काही मसंद वसुलीचा मोठा भाग स्वतःकडे ठेवू लागले, गरीब भाविकांवर जबरदस्ती करू लागले, आणि काही तर स्वतःच गुरू असल्याच्या थाटात शिष्य करू लागले. बळीने दान द्यावे आणि शुक्राचार्याने झारीच्या तोटीत शिरून बसावे, तसा हा प्रकार होता. देणाऱ्याची श्रद्धा आटली नव्हती, घेणाऱ्याची गरजही सरली नव्हती. अडथळा मध्येच होता.

अशा वेळी काय करता आले असते? वाईट मसंद काढून चांगले नेमता आले असते. वसुलीवर आणखी एक देखरेख करणारा बसवता आला असता. गुरू गोविंदसिंगांनी मात्र मसंदाचे पदच रद्द केले. निरनिराळ्या संगतींना त्यांनी आज्ञापत्रे पाठवली. त्यांचा आशय असा की, मसंदांना काही देऊ नये, दर्शनाला येताना आपली भेट आपणच घेऊन यावी. हिशेबाच्या दृष्टीने हा धोक्याचा निर्णय होता. वसुलीची तयार यंत्रणा मोडली की जमा घटणार, हे कोणताही कारभारी सांगेल. तरीही त्यांनी ती मोडली, कारण लोकांचा विश्वास ही त्या निधीतली सर्वांत मोठी शिल्लक होती.

१६९९ च्या वैशाखीला आनंदपुरास खालसा पंथाची स्थापना झाली, ती घटना सर्वांना ठाऊक आहे. मस्तक देण्यास पुढे आलेले पाच जण कोण होते? लाहोरचे दयाराम, हस्तिनापूरचे धरमदास, जगन्नाथपुरीचे हिंमत, द्वारकेचे मोहकमचंद आणि बीदरचे साहिबचंद. त्यांत पाणक्या होता, कापडावर छाप उठवणारा होता, आणि आपल्या कर्नाटकातले साहिबचंद न्हावी समाजातले होते. आपल्या अंकाच्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही विभागांच्या वाचकांनी बीदरचे हे नाव अभिमानाने लक्षात ठेवावे. त्या पाचांना अमृत दिल्यावर गुरूंनी त्यांच्याच हातून स्वतः अमृत घेतले. देणारा आणि घेणारा यांच्यामधली उतरंड त्यांनी अशी एका दिवसात मोडून टाकली.

सेवेला सीमा किती असावी, याचा कस पुढे आनंदपूरच्या लढायांत लागला. भाई कन्हैया नावाचे एक सेवक रणांगणात पखाल घेऊन फिरत आणि जखमींना पाणी पाजत. ते शत्रूच्या सैनिकांनाही पाणी देतात, अशी तक्रार गुरूंकडे गेली. कन्हैयांना बोलावून विचारले असता त्यांनी सांगितले, की आपल्याला कोणाच्याही चेहऱ्यात गुरूंशिवाय दुसरे कोणी दिसत नाही. गुरूंनी त्यांना रागे भरले नाही. उलट मलमपट्टीचे सामान देऊन यापुढे जखमाही बांधण्यास सांगितले. स्वतः लढत असलेल्या सेनापतीने असे सांगावे, यातच त्यांचे मोठेपण आहे. कन्हैयांच्या मागे सेवापंथी नावाचा संप्रदाय उभा राहिला.

दीर्घ वेढ्यानंतर १७०५ च्या सुमारास आनंदपूर सोडावे लागले. थोरले दोन मुलगे चमकौरच्या लढाईत पडले. तेथेच बीदरचे साहिबसिंगही कामी आले. धाकट्या दोघांना सरहिंदच्या सुभेदाराने मारले, आणि आई गुजरीही तेथेच कैदेत वारल्या. एवढे सोसल्यावर गुरूंनी औरंगजेबाला फारसी पद्यात ‘जफरनामा’ लिहिला. पाचांपैकी दयासिंग आणि धरमसिंग ते पत्र घेऊन दक्षिणेत आले. परक्या मुलुखात त्यांना औरंगाबादेच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) शीख मंडळींनी आसरा दिला. दूरच्या संगती अशा वेळी उपयोगी पडत.

१७०७ च्या मार्चमध्ये अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) औरंगजेब मरण पावला. नवा बादशहा बहादुरशहा याची आणि गुरूंची आग्र्याला भेट झाली, आणि त्याच्या स्वारीबरोबर ते दक्षिणेकडे निघाले. सरहिंदच्या सुभेदाराविरुद्ध त्यांना न्याय हवा होता, तो मिळाला नाही. याच प्रवासात बऱ्हाणपूरचा मुक्काम पडला. चारही मुलगे गमावलेला, घरदार आणि किल्ला हरवलेला हा बेचाळिशीचा पुरुष तापीकाठी आला, तेव्हा तेथे अनेक पिढ्यांची संगत त्याची वाट पाहत होती. ही संगत कोणा मसंदाच्या बळावर टिकलेली नव्हती. सकाळ-संध्याकाळ जमणाऱ्या आणि आपला वाटा टाकणाऱ्या साध्या माणसांनी ती जगवली होती. ग्रंथसाहिबाची एक जुनी हस्तलिखित प्रत बऱ्हाणपुरात जतन केलेली आहे. तिच्यावर गुरुजींचे हस्ताक्षर असल्याची भाविकांची श्रद्धा आहे.

तेथून ते गोदाकाठी नांदेडला पोहोचले. तेथे माधोदास बैरागी त्यांचे शिष्य झाले, तेच पुढे बंदासिंग बहादूर म्हणून गाजले. नांदेडलाच एका पठाण मारेकऱ्याने गुरूंवर वार केला आणि ७ ऑक्टोबर १७०८ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. जाण्यापूर्वी त्यांनी आणखी एक पद रद्द केले. यापुढे कोणी देहधारी गुरू नाही. ग्रंथ हाच गुरू आणि संगत हीच त्याची वारस. मसंदांपासून सुरू झालेली गोष्ट येथे पूर्ण झाली, असे मला वाटते. मधली माणसे दूर करता करता त्यांनी शेवटी स्वतःची गादीही दूर केली.

या गोष्टीला तीनशेहून अधिक वर्षे झाली. नांदेडच्या हुजूर साहिबात आजही लंगर चालतो. पोळ्या लाटायला आणि ताटे घासायला यात्रेकरू आपण होऊन बसतात. आपल्याकडेही उत्सवाची वर्गणी असते, पूरग्रस्तांचा मदतनिधी असतो, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे असतात. देणारे हात आपल्याकडे कधीच कमी नव्हते. पावतीपुस्तक फिरते, पैसे जमतात, आणि जमाखर्च मात्र पुष्कळदा कोणी वाचून दाखवत नाही. मग पुढच्या वर्षी लोक दार अर्धेच उघडतात, आणि ज्याला खरी गरज आहे तो त्या अर्ध्या दाराबाहेर राहतो. धर्मादाय मरतो तो कंजूषपणामुळे नव्हे, अविश्वासामुळे.

आपण सारे उद्या कोणत्या ना कोणत्या संस्थेचे चिटणीस, खजिनदार, निदान वर्गणीदार तरी होणार आहोत. तेव्हा दहाव्या गुरूंचे हे चरित्र आठवावे. दहावा हिस्सा प्रत्येकाला जमेलच असे नाही. पण दिलेला रुपया कोणाच्या ताटात पडला हे विचारणे, आणि कोणी विचारले तर न रागावता वही उघडून दाखवणे, एवढे प्रत्येकाला जमण्यासारखे आहे.