विश्लेषण : बुडालेल्या जहाजात दोरी का हवी?

कोण होते कुस्तो?
जाक कुस्तो यांचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्समध्ये झाला. नौदलात वैमानिक होण्याचे त्यांचे स्वप्न मोटार अपघाताने मोडले. जायबंदी हात बळकट व्हावेत म्हणून ते समुद्रात पोहू लागले. १९४३ मध्ये अभियंता एमिल गान्यां यांच्यासह त्यांनी ‘अ‍ॅक्वालंग’ घडवले. पाणबुड्यांची हवेच्या नळीतून सुटका झाली; पण वाट चुकण्याचा धोकाही वाढला.

चूक कुठे झाली?
१९५२ पासून त्यांनी मार्सेयजवळ ग्राँ काँग्लुए येथे प्राचीन जहाजाचे अवशेष उपसले. त्यात एक साथीदार दगावला. मातीचे रांजण वर आले, पण कोणता कुठे होता याची नोंद अपुरी राहिली. तिथे वेगवेगळ्या काळातील दोन जहाजे एकावर एक होती, हे पुढच्या संशोधकांनी दाखवले.

आज काय करतात?
लोखंडी सांगाड्याजवळ होकायंत्र फसते. गाळ उसळला की काहीच दिसत नाही. म्हणून पाणबुडे बाहेर दोरी बांधून आत शिरतात आणि तिच्याच आधाराने परततात. संशोधक आधी वस्तूची जागा मोजतात, मगच ती उचलतात. गोव्याजवळ सुंची खडकापाशी बुडालेल्या जहाजाचा शोध राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी घेतला. कुस्तो २५ जून १९९७ रोजी निवर्तले.