शेतकऱ्याच्या पोराला शाळेत आधी काय शिकवायचं? महात्मा फुलेंनी १८८२ मध्येच यादी दिली होती

शेतकऱ्यांनी सावकाराच्या घरातली कर्जाची खतं बाहेर काढली आणि भर बाजारात जाळली. ही घटना बारामती तालुक्यातल्या सुपे गावची. तारीख १२ मे १८७५. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. सुप्यात पेटलेली ही आग पुणे आणि नगर जिल्ह्यातल्या ३० हून जास्त गावांत पसरली.

लोकांचा राग सगळ्यात आधी कागदांवर निघाला. कारण त्या कागदांवर काय लिहिलंय, हे त्यावर अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हतं. आकडा बरोबर आहे की वाढवलाय, हे तपासता येत नव्हतं.

त्यानंतर सात वर्षांनी पुण्यातल्या एका माणसाने सरकारपुढे निवेदन ठेवलं. गावच्या शाळेत कोणते विषय आधी शिकवावेत, याची यादीच त्यात होती. तो माणूस म्हणजे जोतीराव फुले.

शाळा सुटली, पुन्हा सुरू झाली

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. घरी फुलांचा आणि भाजीपाल्याचा व्यवसाय. लहानपणी त्यांची शाळा मध्येच सुटली आणि ते वडिलांसोबत मळ्यात राबू लागले. मुलगा हुशार आहे, त्याला शिकवा, असं शेजारच्या गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेबांनी गोविंदरावांना पटवलं. मग १८४१ मध्ये ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले.

पुढचा भाग बहुतेकांना माहिती आहे. १८४८ मध्ये सावित्रीबाईंसोबत भिडेवाड्यात मुलींची शाळा, १८५५ मध्ये शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज. पण जोतीराव बांधकामाचे ठेकेदार होते, शेती करत होते आणि १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्यही होते, हे फारसं सांगितलं जात नाही. म्हणजे मजुरी, माल, भाव, कर हे सगळं त्यांच्या रोजच्या व्यवहारातलं होतं. हिशोब न येणाऱ्या माणसाचं काय होतं, हे ते जवळून बघत होते.

गणित नेमकं कुठं फसत होतं?

इंग्रजांनी रयतवारीची पाहणी आणि शेतसाऱ्याचे नवे दर १८३६ च्या सुमारास इंदापूर भागातून सुरू केले. हे दर ३० वर्षांसाठी होते. मुदत संपल्यावर सारा वाढला, अनेक ठिकाणी ५० ते १०० टक्के. त्याच सुमारास अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव पडले आणि हात आखडता घेत सावकारांनी वसुलीचा तगादा लावला.

त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाचं खत तीनच वर्षं चालणार होतं. हेतू हा की व्याज फार साचू नये. पण झालं उलटंच. तीन वर्षं झाली की सावकार थकलेलं व्याज मुद्दलात मिळवून नवं खत करून घ्यायचा.

समजा, १०० रुपये कर्ज आहे आणि व्याज महिना शेकडा २ रुपये. तीन वर्षांत व्याज झालं ७२. नवं खत १७२ रुपयांचं. सहा वर्षांनी होतात साधारण २९६, नऊ वर्षांनी ५०९ आणि बारा वर्षांनी ८७५. सरळव्याजाने हाच आकडा ३८८ झाला असता. आणि व्याज मुद्दलापेक्षा जास्त घ्यायचं नाही, हा जुना दामदुपटीचा नियम पाळला असता, तर २०० वर थांबला असता.

हे झालं फक्त उदाहरण. प्रत्यक्षात दंग्यांच्या चौकशी आयोगापुढे १०० रुपयांच्या कर्जावर २,००० हून जास्त व्याज लावल्याचं प्रकरण आलं होतं.

मग जोतीरावांनी काय मागितलं?

१८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करायला हंटर आयोग आला. जोतीरावांनी १९ ऑक्टोबरला त्यांना निवेदन दिलं. मुंबई इलाख्यातल्या जवळपास दहापैकी नऊ गावांत प्राथमिक शिक्षणाची सोयच नाही, हे त्यांनी मांडलं. शेतसाऱ्याचा पैसा रयत भरते आणि सरकारचा खर्च वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो, ही त्यांची मुख्य तक्रार होती.

विषयांच्या यादीत सुरुवातीलाच मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, आणि हिशोब. त्यानंतर इतिहास, भूगोल आणि व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे थोडे धडे.

यात मोडी का? कारण खतं, पावत्या, दप्तर सगळं मोडीत असायचं. नुसती बाळबोध येणाऱ्याला पुस्तक वाचता आलं असतं, स्वतःच्या कर्जाचा कागद नाही. आणि कागद वाचता आला तरी आकडेमोड येत नसेल तर फसवणूक चालूच राहणार. म्हणून मोडी आणि हिशोब या दोन्ही गोष्टी सोबत हव्या होत्या.

लहान गावात विषय कमी ठेवले तरी चालतील, पण ते कामाचे असावेत, असं त्यांचं म्हणणं होतं. शाळेला जोडून छोटं नमुना शेत असावं, पाठ्यपुस्तकं नव्याने तयार करावीत, शिक्षक शेतकरी समाजातले असावेत, गरज पडली तर नांगर धरणारे असावेत आणि त्यांना किमान १२ रुपये पगार मिळावा. शिवाय १२ वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करावं.

पुढं काय झालं?

आयोगाच्या शिफारशींमध्ये देशी पद्धतीचं अंकगणित, हिशोब, मोजमाप आणि शेतीला उपयोगी विज्ञान यांना जास्त जागा द्यावी, असं आलं. पण सक्तीचं शिक्षण काही आलं नाही. १८८३ मध्ये जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला. त्यात कर्ज, सारा, कोर्टकचेरी आणि अज्ञान यात अडकलेला शेतकरी त्यांनी सविस्तर मांडला.

१८८८ मध्ये मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. २८ नोव्हेंबर १८९० ला त्यांचं निधन झालं. सक्तीच्या आणि मोफत शिक्षणाचा देशभर लागू होणारा कायदा आला तो २००९ मध्ये. म्हणजे त्यांच्या निवेदनानंतर तब्बल १२७ वर्षांनी.

आज मोडी वाचायची वेळ बहुतेकांवर येत नाही. पण कर्जाचा हप्ता, चक्रवाढ व्याज, विम्याची अट आणि मोबाईलवरचं झटपट कर्ज हे सगळं आहेच. सहावी-सातवीच्या गणितात आधी काय यावं, यावर चर्चा होते तेव्हा जोतीरावांची कसोटी आजही लावता येते. शाळेतून बाहेर पडणाऱ्या पोराला स्वतःच्या सहीखालचा आकडा तपासता येतो का?