शेठ वालचंद हिराचंद

चिंचवड येथे प्रीमियर कंपनीचा कारखाना अनेक वर्षे चालला, हे आमच्या पुष्कळ पालकांच्या स्मरणात असेल. त्या कंपनीचे संस्थापक शेठ वालचंद हिराचंद यांना लोक मोटारींचे व साखरेचे कारखानदार म्हणून ओळखतात. परंतु त्यांच्या आयुष्याचा फार मोठा भाग जहाजांच्या पायी खर्ची पडला. ती हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावी, म्हणून हा अल्प परिचय आम्ही देत आहोत.

वालचंदांचा जन्म १८८२ साली सोलापूर येथे एका जैन व्यापारी घराण्यात झाला. वडिलोपार्जित पेढीवर मन न रमल्याने त्यांनी रेल्वेच्या बांधकामाचे मक्ते घेण्यास आरंभ केला व त्यात नाव मिळविले. त्या काळी आपल्या देशाचा समुद्रावरील व्यापार बहुतेक इंग्रज कंपन्यांच्या हाती होता. १९१९ साली नरोत्तम मोरारजी आदी स्नेह्यांसह वालचंदांनी सिंदिया कंपनी स्थापन केली व ग्वाल्हेरच्या महाराजांची ‘लॉयल्टी’ ही आगबोट विकत घेतली.

ही आगबोट मूळची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. १८९० साली इंग्लंडात बांधलेली, पोलादी अंगाची आणि दोन पंख्यांची. एक पंखा निकामी झाला तरी दुसऱ्यावर बंदर गाठता यावे, हा दोन पंख्यांचा मोठा लाभ. अशा उतारू बोटींचे पोलादी पत्रे रिव्हेट ठोकून जोडीत. तळ दुहेरी ठेवीत, म्हणजे बाहेरचा पत्रा फाटला तरी आतला पाणी अडवी. शिवाय आडव्या भिंती घालून पोटाचे निरनिराळे कप्पे करीत. एक कप्पा भरला तरी बाकीचे बोटीस तरंगत ठेवीत. मात्र भिंती पुरेशा उंच हव्यात. ‘टायटॅनिक’च्या भिंती उंचीस कमी पडल्या, पाणी त्यांवरून एका कप्प्यातून दुसऱ्यात गेले आणि १९१२ साली ती बुडाली. आमची ‘एम्प्रेस’ मात्र १९०३ साली हाँगकाँगजवळ एका चिनी युद्धनौकेवर आदळली, तेव्हा युद्धनौका बुडाली आणि ही तरली.

५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली. आज तोच दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. पण बोट जुनी होती. १९२३ साली ती भंगारात गेली. बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांनी भाडी उतरवून नव्या कंपनीस जेरीस आणले आणि त्याच वर्षी तिला त्यांच्याशी पडते घेऊन करार करावा लागला. तरीही वालचंद खचले नाहीत. परक्याने बांधलेली बोट विकत घेता येते, पण बोट बांधण्याची विद्या विकत मिळत नाही, ती आपल्याच कामगारांच्या हाती यावी लागते, हे त्यांनी ओळखले.

कलकत्त्यास जागा मिळेना, तेव्हा त्यांनी विशाखापट्टण निवडले. १९४१ साली राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तेथे गोदीची कोनशिला बसली. पुढच्याच वर्षी त्या शहरावर जपानी बॉम्ब पडले व काम रखडले. अखेर १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ‘जलउषा’ पाण्यात उतरली. १९५३ साली वालचंद निवर्तले.

बोटीच्या पोटातील भिंत उतारूंच्या दृष्टीस कधी पडत नाही. तिची परीक्षा संकटातच होते. वालचंदांचा एक उद्योग बुडाला, तरी ते दुसऱ्याच्या आधारे तरले. आमच्या विद्यार्थ्यांनीही आपल्या अंगी अशा न दिसणाऱ्या भिंती वेळीच बांधून घ्याव्यात, एवढेच आम्ही सुचवितो.