जमशेटजी टाटा व लोणावळ्याचें पाणी

आषाढांत खंडाळ्याच्या घाटांतून आगगाडीनें जातांना कड्यांवरून कोसळणारें पाणी आमच्या विद्यार्थ्यांनीं पाहिलेंच असेल. हें पाणी मुंबईच्या गिरण्या चालवील, अशी कल्पना ज्यांनीं उराशीं धरली, त्या जमशेटजी टाटांचें चरित्र येथें थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजीं नवसारी येथें झाला. १८७७ सालीं त्यांनीं नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली. पुढें, दुरून आणाव्या लागणाऱ्या कोळशाऐवजीं मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळावी, या विचारानें त्यांच्या मनांत घर केलें.

परंतु जें मनांत आणतां येतें तें शक्य असतेंच काय? जपानशीं व्यापार करण्यासाठीं जमशेटजींनीं स्वतःच्या आगबोटींचाही बेत केला होता. पी. अँड ओ. कंपनीनें भाडें उतरविलें आणि तो उद्योग बसला. मनांतील चित्रांतून अडचण सहज वगळली जाते. प्रत्यक्षांतून ती वगळतां येत नाहीं.

लोणावळ्यासही अडचण होतीच. पाऊस चार महिन्यांचा, गिरण्या मात्र बारा महिने चालावयाच्या! मावळांत सांठविलेलें पाणी वर्षभर पुरेल काय, हें पाऊस व पातळी मोजल्यावांचून कळणें नव्हतें. कामास आरंभ होण्यापूर्वींच, १९ मे १९०४ रोजीं, जमशेटजी जर्मनींत निवर्तले. त्यांचे पुत्र दोराबजी यांनीं तें पुढें चालविलें. ८ फेब्रुवारी १९११ रोजीं लोणावळ्यास कोनशिला बसली. लोणावळा, वळवण व शिरोता या तलावांचें पाणी सुमारें १,७०० फूट खालीं खोपोलीस उतरलें, आणि १९१५ सालीं मुंबईस वीज पोंचली. कल्पना व सिद्धि यांमधील अंतर मोजमापानें व अनेकांच्या श्रमानें तुटलें. नुसत्या कल्पनेनें नव्हे.

आणखी एक गोष्ट पालकांनीं मुलांस अवश्य सांगावी. १९२१ सालीं टाटांच्याच मुळशीच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनीं सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह केला, कारण त्यांच्या भाताचीं शेतें बुडणार होतीं. जें शक्य ठरतें तें तेवढ्यानें न्याय्य ठरत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, मोठ्या कल्पना जरूर कराव्या. मात्र कल्पना सुचतांच तिच्यांत आपण काय वगळलें, व कोणास वगळलें, हें स्वतःस विचारावें, आणि मगच कुदळ हातीं घ्यावी.