डीडीटीचा शोध लावणारा पॉल म्युलर



डीडीटी म्हणजे काय, हे तोरणमाळच्या पाड्यांवरच्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. हिवतापाच्या फवारणीची माणसं पंप घेऊन यायची आणि घराच्या कुडावर पांढरट थर बसायचा. त्या पांढऱ्या थरामागे एका माणसाची चार वर्षांची चिकाटी होती. त्या माणसाची हकिगत आज सांगतो. पुढच्या वेळी दुकानात औषध घ्यायला उभे राहाल, तेव्हा ती उपयोगी पडेल.

पॉल हरमान म्युलर यांचा जन्म १२ जानेवारी १८९९ रोजी स्वित्झर्लंडमधील ओल्टेन या गावी झाला. वडील रेल्वेत नोकरीला होते. सतरा वर्षांचा असताना पॉलने शाळा सोडली आणि रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळा मदतनीस म्हणून काम धरले. दोनेक वर्षांनी तो पुन्हा शाळेत गेला, मग बाझलच्या विद्यापीठात शिकला आणि १९२५ साली डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी बाझलमधल्या गायगी कंपनीत नोकरी लागली. सुरुवातीची दहा वर्षे रंग आणि कातडी कमावण्याची रसायने यांतच गेली. १९३५ च्या सुमारास कीटकनाशकाचे काम त्यांच्याकडे आले.

त्या काळी शेतकऱ्याच्या हाती काय होते? आर्सेनिकची विषे होती. ती किडीने पानाबरोबर खाल्ली तरच मारायची आणि माणसालाही तितकीच घातक. तंबाखूचे निकोटीन होते, पायरेथ्रम फुलांची भुकटी होती. पण ही भुकटी उन्हात लवकर निकामी व्हायची. म्युलर यांनी आधी आपल्याला काय पाहिजे ते ठरवले. औषध नुसत्या स्पर्शाने किडीला मारणारे असावे, लवकर लागू पडावे, माणसाला, जनावराला आणि पिकाला त्रास न देणारे असावे, पुष्कळ प्रकारच्या किडींवर चालावे, बरेच दिवस टिकावे आणि स्वस्त असावे.

काचेच्या पेटीत माश्या सोडायच्या, रसायन मारायचे आणि बघत बसायचे, असा क्रम चालला. एक-दोन नव्हे, ३४९ रसायने फुकट गेली. सप्टेंबर १९३९ मध्ये पुढचे रसायन लागू पडले. हे रसायन १८७४ सालीच ओथमार झाइडलर या विद्यार्थ्याने तयार केलेले होते, पण त्याने कीड मरते हे कोणाला ठाऊक नव्हते.

आता इथे नीट लक्ष द्या. म्युलर यांची पेटी इतकी विषारी झाली की घासूनपुसून काढली तरी नव्याने सोडलेल्या माश्या भिंतीला टेकताच खाली पडू लागल्या. शेवटी ती पेटी सुटी करून महिनाभर उघड्या हवेत ठेवावी लागली, तेव्हा कुठे पुढचे प्रयोग करता आले. डीडीटीचा गुण आणि दोष दोन्ही त्या पेटीत दिसले होते. त्या वेळी गुणाचे कौतुक झाले.

कौतुक व्हावे असेच काम होते म्हणा. १९४३-४४ च्या हिवाळ्यात इटलीतील नेपल्स शहरात उवांमुळे पसरणारा टायफस ताप आला, तेव्हा दहा लाखांहून अधिक लोकांच्या अंगावर ही भुकटी मारून साथ आटोक्यात आणली. १९४८ साली म्युलर यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले, तेही डॉक्टर नसताना. आपल्या देशात १९५३ साली हिवताप नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्या वेळी वर्षाला सुमारे साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. १९६१ पर्यंत रुग्णसंख्या पन्नास हजारांच्या आसपास आली.

पण १९७६ साली हाच आकडा ६४ लाखांवर गेला. कारणे अनेक होती, त्यातले एक म्हणजे डीडीटीला दाद न देणारे डास. हजारांतला एखादा डास जन्मतःच चिवट असतो. तेच तेच औषध मारत राहिलात की साधे मरतात, चिवट उरतो आणि त्याचीच पैदास वाढते. असल्या चिवट माश्या स्वीडन आणि इटलीत १९४६-४७ मध्येच, म्हणजे नोबेलच्याही आधी दिसल्या होत्या.

हे का होते ते समजायला औषध किडीच्या अंगात काय करते हे बघू. किडीच्या मज्जातंतूवर बारीक झडपा असतात. संदेश जाताना त्या उघडतात आणि लगेच मिटतात. डीडीटी त्या मिटू देत नाही. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर बंदच होईना, तशी गत होते. कीड थरथरते, उलटी पडते, मरते. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही ‘थ्रिन’ मंडळी याच झडपेवर काम करतात. म्हणून डीडीटी पचवलेली कीड कित्येकदा ‘थ्रिन’लाही जुमानत नाही.

क्विनॉलफॉस, प्रोफेनोफॉस ही ‘फॉस’ मंडळी वेगळी. दोन तंतूंमध्ये निरोप पोचवणारे रसायन काम झाल्यावर साफ करणारे एक एन्झाइम असते, ते ही औषधे अडवतात. तेच एन्झाइम आपल्या अंगातही आहे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली, हे विसरू नका. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम आंतरप्रवाही आहेत. रोपाच्या रसात भिनून ती रस शोषणाऱ्या किडीच्या मज्जासंस्थेत निरोप घेणारी जागाच पकडतात. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोलने अळीचे स्नायू लुळे पडतात. निंबोळीने किडीचे खाणे मंदावते आणि कात टाकणे बिघडते.

मागच्या हंगामात एका शेतकऱ्याने मला मिरचीवर मारलेल्या तीन बाटल्या दाखवल्या. कंपन्या तीन, चित्रे तीन, आतले औषध मात्र एकाच गटाचे. फुलकिडे तसेच राहिले, पैसे तेवढे गेले. म्हणून बाटलीवरचे मोठे नाव सोडा, खाली बारीक अक्षरात लिहिलेले औषधाचे नाव वाचा. एका फवारणीला एक गट वापरला तर पुढच्या फवारणीला दुसरा घ्या. कीड नुकसानीच्या पातळीपर्यंत आली नसेल तर पंप काढूच नका. लेबलवर त्रिकोण लाल किंवा पिवळा असेल तर जपून. वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नका, हातमोजे आणि तोंडाला मास्क ठेवा. गरगरले, लाळ सुटली, घाम फुटला तर ताबडतोब दवाखाना गाठा आणि बाटली बरोबर न्या.

म्युलर १९६१ साली निवृत्त झाले आणि ऑक्टोबर १९६५ मध्ये वारले. त्याआधी १९६२ मध्ये रेचल कार्सन या बाईंच्या पुस्तकाने डीडीटी चरबीत साठते, पक्ष्यांच्या पिढ्या बुडवते हे जगापुढे आणले होते. अमेरिकेने १९७२ साली डीडीटीवर बंदी घातली. आपल्याकडे शेतीतला वापर १९८९ साली बंद झाला.

माणूस वाईट नव्हता आणि औषधही खोटे नव्हते. एकाच औषधावर सारा भार टाकला, तिथे चुकले. म्युलर यांना आपली पेटी सुटी करून महिनाभर वाऱ्यावर ठेवता आली. आपल्या शिवाराचे तसे करता येत नाही. तेव्हा यंदा पहिली फवारणी कराल, त्या दिवशी वहीत तारीख आणि औषधाचा गट लिहून ठेवा. दुसऱ्या फवारणीआधी ती वही उघडा.