भाजीच्या आडतीतून उभी राहिली जगातली मोठी बँक

बेळगुंदी : बटाटा, रताळी घेऊन मार्केट यार्डात जाणाऱ्या शेतकऱ्याला आडत्या म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. अडीनडीला उचल देणारा तोच आणि पट्टीतून कापून घेणारा पण तोच. अशाच एका आडतीवर वाढलेल्या पोराने पुढे अमेरिकेत बँक आणि विम्याचा मोठा पसारा उभा केला. अमादेव पीटर जियानिनी हे त्याचं नाव.

६ मे १८७० रोजी कॅलिफोर्नियातील सॅन होजे इथे, इटलीहून पोटासाठी आलेल्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील शेतकरी. एका डॉलरच्या वादातून एका मजुराने त्यांचा खून केला, तेव्हा अमादेव अजून लहान होते. आईने दुसरं लग्न केलं. सावत्र वडील लोरेन्झो स्कॅटेना यांनी सॅन फ्रान्सिस्कोत भाजी-फळांची आडत टाकली. अमादेव शाळा सोडून त्यात उतरले आणि एकोणिसाव्या वर्षी भागीदार झाले. कुठल्या शेतकऱ्याचा शब्द पक्का आणि कोणाचा कच्चा, हे त्यांना तिथेच कळलं.

१९०२ मध्ये सासरे वारले. त्यांची मालमत्ता सांभाळताना जियानिनी एका बँकेचे संचालक झाले. गरीब स्थलांतरितांना छोटी कर्जं द्या, हा त्यांचा आग्रह इतर संचालकांना पटेना. मग त्यांनी १७ ऑक्टोबर १९०४ रोजी स्वतःचीच बँक काढली, बँक ऑफ इटली. मासेमार, भाजीवाले, मजूर यांच्याकडे स्वतः जाऊन ते खाती उघडायला सांगत. त्या काळी बँकवाल्यांना हे कमीपणाचं वाटायचं.

१८ एप्रिल १९०६ ला भूकंप झाला आणि शहराला आग लागली. जियानिनींनी तिजोरीतली रक्कम भाजीच्या गाडीत घातली, वर संत्र्यांच्या पेट्या रचल्या आणि रातोरात गावाबाहेर नेली. इतर बँकांच्या तापलेल्या तिजोऱ्या उघडता येत नव्हत्या. यांनी बंदरावर दोन पिंपांवर फळी टाकून कर्जवाटप सुरू केलं. त्यातलं कर्ज बुडालं नाही, असं ते पुढे अभिमानाने सांगत.

१९०९ मध्ये सॅन होजेला शाखा निघाली आणि मग शाखांचं जाळंच पसरलं. एका खोऱ्यात पीक बुडालं तरी दुसरीकडच्या ठेवी हाताशी राहत, हा त्यामागचा हिशेब. पण याला दुसरी बाजूही आहे. वाढता वाढता त्यांनी गावोगावच्या छोट्या बँका विकत घेतल्या. छोट्यांचा कैवारी छोट्यांनाच गिळतोय, अशी ओरड झाली.

१९२८ मध्ये त्यांनी ट्रान्सअमेरिका ही कंपनी काढली. तिच्या छत्राखाली बँका आल्या, पुढे ऑक्सिडेंटल लाइफ ही विमा कंपनीही आली. १९३० मध्ये बँकेचं नाव बँक ऑफ अमेरिका झालं. जियानिनी निवृत्त झाले, पण मंदीत नवे कारभारी पसारा विकायला लागले. साठी उलटलेले जियानिनी परत मैदानात उतरले. भागधारकांची मतं गोळा करून १९३२ मध्ये त्यांनी कारभार पुन्हा ताब्यात घेतला. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रसिद्ध गोल्डन गेट पुलाचे रोखे घेऊन त्याच्या कामाला पैसा पुरवला तो याच बँकेने.

दुसरं महायुद्ध संपेपर्यंत ही जगातली सर्वांत मोठी बँक झाली होती. मालक मात्र कुबेर झाला नाही. १९२८ मध्ये त्यांच्या वाट्याचे १५ लाख डॉलर त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाला शेतीच्या अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठी देऊन टाकले. ३ जून १९४९ रोजी त्यांचं निधन झालं, तेव्हा मागे ५ लाख डॉलरही नव्हते.

१९५६ च्या कायद्याने अमेरिकेत बँक आणि विमा वेगळे करावे लागले. त्याच वर्षी आपल्याकडे एलआयसी झाली. साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ मध्ये काढलेली वेस्टर्न इंडिया विमा कंपनी तिच्यात गेली. त्यांनीच १९३६ मध्ये काढलेली युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये विलीन झाली.

बँका मोठ्या होतात, नावं बदलतात. पण उतारा आणि जामीनदार विचारण्याआधी समोरचा माणूस ओळखणारा कोणी काउंटरवर आहे का, हा प्रश्न सीमाभागातल्या शेतकऱ्यापुढे आजही आहे. जियानिनींनी त्याचं उत्तर बंदरावरच्या त्या फळीवर दिलं होतं.