ॲलन ट्युरिंग आणि न चाललेली वाट

काही इन्सुलिन पंपांच्या प्रोग्रॅममध्ये एक अट असते: रक्तातली साखर ठरावीक पातळीखाली गेली का? ‘नाही’ असेल तर इन्सुलिन चालू, ‘हो’ असेल तर बंद. आता चाचण्या घेताना साखर नेहमी चढलेलीच दाखवली, तर सगळ्या चाचण्या पास होतील. पण रुग्णाला वाचवणारी ‘हो’ची वाट एकदाही चालून पाहिलेली नसेल. प्रोग्रॅममधल्या अशा वाटांपैकी किती वाटांवरून चाचण्या गेल्या, त्या टक्केवारीला ‘ब्रांच कव्हरेज’ म्हणतात. मोजायला संगणकच नव्हते, तेव्हा या मोजणीची मर्यादा ॲलन ट्युरिंग यांच्या गणितातून स्पष्ट झाली होती.

ट्युरिंग यांचा जन्म २३ जून १९१२चा, लंडनमधला. वडील मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी, त्यामुळे बालपणाची बरीच वर्षे इंग्लंडमध्ये परक्या घरी गेली. १९३६ मध्ये केंब्रिजला असताना त्यांनी एक यंत्र केवळ कल्पनेत उभे केले आणि सिद्ध केले, की दिलेले यंत्र एखादे चिन्ह कधी तरी छापेल का, हे दर वेळी अचूक सांगणारी एकच पद्धत असूच शकत नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर, शंभरपैकी ब्याण्णव वाटा तपासल्या गेल्या. उरलेल्या आठ वाटांवर चाचणी घ्यायची राहिली, की तिथे मुळी पोहोचताच येत नाही? काही वाटांबाबत हे ठरवता येते, सगळ्याच प्रोग्रॅमबाबत ठरवणारे साधन मात्र बनणार नाही.

युद्धकाळात त्यांनी ब्लेचली पार्कमध्ये जर्मन सांकेतिक संदेश उलगडले, ते सर्वश्रुत आहे. त्या मानाने १९४९चे केंब्रिजमधले व्याख्यान कमी माहितीचे, आणि माझ्या मते तितकेच मोलाचे. मोठा प्रोग्रॅम बरोबर आहे हे कसे पटवायचे? त्याचे तुकडे करा, प्रत्येक टप्प्यावर काय खरे असायला हवे ते लिहा, मग एकेक तुकडा ताडून पाहा. कव्हरेज फक्त वाट चालली एवढेच सांगते. उत्तर बरोबर आले का, हा प्रश्न ट्युरिंग यांनी धरला.

१९५२ मध्ये समलैंगिक संबंधांबद्दल त्यांना दोषी ठरवले गेले. तुरुंग टाळण्यासाठी हार्मोनचे उपचार पत्करावे लागले. ७ जून १९५४ रोजी सायनाइडने त्यांचा मृत्यू झाला; वय ४१. चौकशीत आत्महत्या असा निष्कर्ष निघाला.

ते व्याख्यान बराच काळ दुर्लक्षित राहिले. तशीच पद्धत १९६७ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट फ्लॉइड यांनी मांडली आणि ती रुजली, तेव्हा ट्युरिंग यांना जाऊन तेरा वर्षे झाली होती.